घर ते शाळा : मधल्या रस्त्याची जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे. बसचा रंग, प्रथमोपचाराची पेटी, वेगनियंत्रक, बसमधले मदतनीस अशा बारीकसारीक गोष्टी तिच्यात लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असे बंधनही आहे. त्याच शाळेत पाठीवर दप्तर टाकून चालत येणाऱ्या किंवा कॅरिअरला डबा अडकवून सायकलवर येणाऱ्या मुलांसाठी मात्र अशी नियमावली नाही. त्यांच्या वाटेवर फुटपाथ आहे का, रस्ता ओलांडायची सोय आहे का, सायकल कोणत्या कडेने चालवायची, हे पाहणे कोणा एकाच्या कामात बसत नाही. मुलांच्या शाळेच्या वाटेविषयी गेली पन्नासएक वर्षे जगभर विचार झाला, प्रयोग झाले, अभ्यास झाले. त्यांचा आढावा घेताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवायला हवा, कारण वादाचे मूळ बरेचसे त्यातच आहे. हा सगळा पुरावा एकत्र मांडला की माझे मत असे होते : वाहनांचा वेग आणि रस्त्याची रचना हा पहिला उपाय, आणि मुलांना शिकवणे, वाहनाने नेणे, चालकाला दंड करणे हे त्याच्या मागून येणारे उपाय. हे मत सर्वांना मान्य नाही, आणि न मानणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. ते तथ्य नेमके किती, हे पुढे पाहू.

पायवाटेपासून चौपदरीपर्यंत

शाळेत चालत जाणे ही एके काळी चर्चा करण्याजोगी गोष्टच नव्हती. गावात जिल्हा परिषदेची शाळा देवळाशेजारी किंवा ग्रामपंचायतीला लागून, शहरात महापालिकेची किंवा एखाद्या संस्थेची शाळा दोन-चार गल्ल्या सोडून. थोरली भावंडे धाकट्यांना हाताला धरून नेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यामागेही हीच कल्पना आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. एक किलोमीटर म्हणजे लहान मुलाच्या चालीने पाव तासाच्या आसपासची वाट. मूल ती पायी कापेल, असे कायद्यानेच गृहीत धरले आहे. ती वाट कशी असावी, याबद्दल मात्र तो काही सांगत नाही.

दरम्यान त्या वाटेचे रूप पालटले. गावातून जाणारा दुपदरी रस्ता चौपदरी झाला आणि घरे एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला राहिली. भुयारी मार्ग असला तरी तो अनेकदा गावापासून लांब असतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचते, म्हणून लोक दुभाजकात जागा पाडून घेतात. शाळा सुटल्यावर मुले त्या फटीशी गोळा होतात. एका बाजूच्या दोन पदरांची रुंदी सात मीटर असते आणि सेकंदाला मीटरभर चालणाऱ्या मुलाला ती ओलांडायला सात सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात दीडशे मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे रस्त्यात पाऊल टाकताना त्या मुलाने दीडशे मीटरवरच्या गाडीचा वेग ओळखायचा असतो. त्यानंतर दुभाजकावर थांबून हाच हिशेब डावीकडे बघत पुन्हा करायचा. शहरातले चित्र वेगळे. तिथे शाळा निवडताना घराजवळची बघण्याऐवजी माध्यम आणि बोर्ड बघून निवडली जाते. मूल जितके लांब जाते तितके वाहनाने जाते, आणि ती सगळी वाहने शाळेच्या दारात एकाच वेळी येतात. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सकाळचे सत्र सुटते आणि दुपारचे भरते, तेव्हा फाटकापुढे रिक्षा, व्हॅन आणि पालकांच्या स्कूटरी इतक्या दाटीने उभ्या असतात की पायी आलेल्या मुलाला त्यांच्यामधून वाट काढावी लागते.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, ४,८३६ सायकलस्वार, आणि अठरा वर्षांखालील मुले ९,५२८. दिवसाला सव्वीस मुले. हे आकडे भीषण आहेत, पण आपल्या प्रश्नापुरते अपुरे आहेत. या ९,५२८ पैकी किती जण शाळेच्या वाटेवर होते, किती जण वडिलांच्या दुचाकीवर मागे बसले होते, किती जण स्वतःच गाडी चालवत होते, हे त्यांतून कळत नाही. म्हणून शाळेची वाट किती धोक्याची, याचे उत्तर आपण अंदाजानेच देतो. २०२१ पासून अपघातांची नोंद स्थळासकट संगणकावर करण्याची यंत्रणा देशभर उभी राहू लागली आहे. तिच्यात शाळेच्या वेळा आणि शाळेपासूनचे अंतर जुळवून पाहिले तर हा अंदाज बराच पक्का होऊ शकतो.

आकड्यांची दुसरी अडचण अधिक खोल आहे. ब्रिटनमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास एक पाहणी केली. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. याच काळात मुलांचे अपघाती मृत्यू घटले, आणि रस्ते सुरक्षित झाल्याचा तो पुरावा म्हणून दाखवला जात होता. हिलमन यांचे म्हणणे असे की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलेच रस्त्यावरून काढून घेतली गेली आहेत. ज्या रस्त्यावर कोणीच चालत नाही, तिथे पादचारी मरतही नाही. हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. एखाद्या शाळेपुढे पाच वर्षांत अपघात झाला नाही म्हणून ती जागा सुरक्षित ठरत नाही. आईबापांनी भीतीने मुलांना रिक्षा लावली असेल. अमेरिकेत १९६९ मध्ये शाळकरी मुलांपैकी जवळपास निम्मी चालत किंवा सायकलवर जात. २००९ पर्यंत हा वाटा १३ टक्क्यांवर आला होता. त्यामुळे नुसते मृत्यू मोजून भागत नाही. किती मुले चालतात, हेही मोजावे लागते.

पहिली भूमिका : मुलांना शिकवावे

सगळ्यांत जुनी आणि आपल्याकडे सगळ्यांत रुळलेली भूमिका प्रशिक्षणाची आहे. उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा, मग रस्ता ओलांडा. महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांत आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोलची) पथके आहेत, नागपूरच्या धरमपेठेत मुलांसाठी ट्रॅफिक पार्क आहे, रस्ता सुरक्षा सप्ताहात चित्रकला स्पर्धा होतात. या भूमिकेचे म्हणणे असे की रस्ता सुधारायला वर्षे लागतात, मूल मात्र उद्या सकाळी घराबाहेर पडणार आहे. त्याच्या हाती काहीतरी द्यायला हवे. हे म्हणणे रास्त आहे. नेदरलँड्ससारख्या देशातही प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यात मुलांची वाहतुकीची परीक्षा होते आणि ती खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून द्यावी लागते.

शिकवण्याची मर्यादा कुठे येते, हेही अभ्यासांनी दाखवले आहे. स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६० च्या दशकातच मांडले की दहाएक वर्षांखालचे मूल वाढीच्या दृष्टीनेच वाहतुकीला तयार नसते. त्याची नजर, लक्ष, आवाजाची दिशा ओळखण्याची क्षमता पुरती घडलेली नसते, आणि कितीही पढवले तरी ती वेळेआधी घडत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात आढळले की प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी साधारण ३० किलोमीटरहून वेगाने येणारे वाहन जवळ येत आहे, हे भरवशाने ओळखता येत नाही. इथे मुलाचा निष्काळजीपणा नसतो, त्याच्या डोळ्यांची क्षमताच तेवढी असते. पादचारी प्रशिक्षणाच्या प्रयोगांचा एक मोठा पद्धतशीर आढावा २००२ मध्ये घेतला गेला. त्याचा निष्कर्ष असा की अशा शिकवणीने मुलांचे ज्ञान वाढते आणि वागणे काही प्रमाणात बदलते, पण अपघात कमी होतात असे एकाही प्रयोगाने दाखवलेले नव्हते. प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. प्रशिक्षणावर सगळा भार टाकणे चूक आहे, एवढा अर्थ नक्की आहे. अपघातानंतर ‘मूल अचानक आडवे आले’ हे वाक्य ऐकू येते, तेव्हा ते या पुराव्याच्या उजेडात पाहिले पाहिजे. लहान मूल अचानकच आडवे येते, आणि रस्ता आखणाऱ्याने हे आधीच धरून चालायला हवे.

दुसरी भूमिका : वाहनाने न्यावे

दुसरी भूमिका म्हणते, धोका रस्त्यावर आहे तर मुलाला रस्त्यावर ठेवूच नका, बस द्या. प्रवाशामागे हिशेब केला तर बस हे अतिशय सुरक्षित साधन आहे, यात वाद नाही. ग्रामीण महाराष्ट्रात तर या भूमिकेने मोठे काम केले आहे. मुलींसाठी एसटीचा मोफत प्रवास, मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत धावणाऱ्या निळ्या बस, यांमुळे पुढच्या गावच्या हायस्कूलपर्यंत पोचलेल्या मुली पुष्कळ आहेत. पाच-सात किलोमीटरची वाट, मध्ये ओढा, पावसाळा, संध्याकाळी लवकर पडणारा अंधार, जुन्नरसारख्या भागात उसातला बिबट्या. इथे कोणी चालण्याचे गोडवे गायले तर ते अन्यायाचे होईल.

पण हा उपाय सर्वांसाठी नाही. एक-दीड किलोमीटरवरच्या मुलाला बस परवडत नाही आणि गरजेचीही नसते. ज्यांना परवडते ते पालक स्वतःच्या गाडीने सोडतात, त्यामुळे फाटकापुढची गर्दी वाढते, ती पाहून आणखी दोन पालक मुलाला चालत पाठवायचे थांबवतात, आणि हे चक्र फिरत राहते. शिवाय बसचे मूलही थांब्यापर्यंत चालतेच, आणि उतरल्यावर बसच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडते. वाहनाची सोय हवीच, पण तिने रस्त्याचा प्रश्न सुटत नाही. ज्यांना सोय मिळाली त्यांच्यापुरता तो नजरेआड होतो.

तिसरी भूमिका : रस्ता मुलाच्या मापाचा करावा

तिसऱ्या भूमिकेचा इतिहास नेदरलँड्सपासून सांगितला जातो. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या काळी तो देश आजच्यासारखा सायकलींचा राहिला नव्हता. मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते आणि सायकल मागे पडत चालली होती. फिक लांगनहॉफ या पत्रकाराने आपली मुलगी अपघातात गेल्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. १९७६ मध्ये वस्तीतल्या ज्या गल्लीत पादचाऱ्याला आणि खेळणाऱ्या मुलाला पहिला मान, तिला कायद्याने दर्जा मिळाला. पुढे १९९० च्या दशकात तिथल्या रस्ते-आखणीने एक तत्त्व पक्के केले : माणूस चुकणारच, म्हणून चूक जिवावर बेतणार नाही असा रस्ता बांधायचा. डेन्मार्कने १९७६ च्या वाहतूक कायद्यात शाळेच्या वाटेवर मुलांचे रक्षण करणे हे पोलीस आणि रस्ते-अधिकारी यांचे कर्तव्य ठरवले. ओडेन्सेसारख्या शहरात मुलांनाच विचारून धोक्याच्या जागा नकाशावर काढल्या आणि त्या एकेक करून दुरुस्त केल्या.

या भूमिकेचा गाभा वेगात आहे. एक हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला तर १४ मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण तेवढेच लागतात. ताशी ३० ने हीच गाडी एकूण १३-१४ मीटरमध्ये थांबते. आता उभ्या टेम्पोच्या मागून एक मूल वीस मीटरवर रस्त्यात आले असे धरा. तीसची गाडी त्याच्या अलीकडे थांबेल. पन्नासची गाडी त्याला धडकेल तेव्हाही तिचा वेग ताशी पस्तीसच्या वर असेल. चालक तोच, मूल तेच. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी असे म्हटले गेले, ते याच हिशेबावर. आपल्याकडे २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल ७० आणि दुचाकींना ६० ची मुभा दिली. स्थानिक प्रशासन ही मर्यादा खाली आणू शकते, आणि शाळांजवळ कमी वेगाचे फलक दिसतातही. पण फलक वाचून पाय ब्रेकवर जाईल, हा भरवसा अनुभवाला धरून नाही. वळण अरुंद केले, ओलांडायची जागा फुटपाथच्या उंचीला आणली, मध्ये थांबायला बेट दिले, की चालकाला वेग कमी करावाच लागतो.

परिणामांचे पुरावे आहेत. अमेरिकेने २००५ मध्ये शाळेच्या सुरक्षित वाटांसाठी ६१ कोटी डॉलरहून मोठा निधी काढला. न्यूयॉर्कमध्ये त्यातून कामे झालेल्या भागांत शाळकरी वयाच्या पादचाऱ्यांच्या दुखापती ४४ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. जपानचे उदाहरण वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. तिथे मुले ठरलेल्या वाटेने गटागटाने शाळेत चालत जातात आणि १९७० च्या दशकापासून शाळाक्षेत्रे आखलेली आहेत. तरी २०२१ च्या जूनमध्ये चिबा प्रांतातल्या याचिमाता शहरात मद्यधुंद चालकाचा ट्रक शाळेतून परतणाऱ्या मुलांवर गेला आणि दोन मुले दगावली. त्या वाटेवर फुटपाथ नव्हता. सरकारने देशभरातल्या शाळांच्या वाटा पुन्हा तपासायला लावल्या, तेव्हा दुरुस्ती हवी अशा सुमारे ७६ हजार जागा निघाल्या. शिस्त, गट, स्वयंसेवक सगळे असूनही कडेला चालायला जागा नसेल तर काय होते, हे त्या शहराने दाखवले. आणि घटनेनंतर सबंध देशाच्या वाटा मोजता येतात, हेही दाखवले.

या भूमिकेवर आपल्याकडे तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, आपले रस्ते अरुंद आहेत, जागा आणायची कुठून? जागा खरोखर कमी आहे, पण आहे ती कशाला दिली आहे ते पाहावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि १५ सेंटिमीटरहून जास्त नसलेली उंची हवी. कोणत्याही शाळेच्या रस्त्याने गुडघ्याएवढ्या मुलाच्या चालीने जाऊन बघावे. फुटपाथ सुरू होतो तो फूटभर उंच, दहा पावलांवर विजेचा डीपी, पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग कोणाच्या तरी फाटकाचा उतार, त्यावर तिरक्या लावलेल्या तीन दुचाकी, पुढे झाकण नसलेले चेंबर. मूल खाली उतरते आणि मग पुन्हा वर चढतच नाही. यातल्या बहुतेक गोष्टी रस्ता रुंद न करता हलवता येतात. पुण्यात जंगली महाराज रस्त्याच्या नव्या आखणीने हे दाखवले आहे. ती आखणी दुकानांच्या रस्त्यावर झाली, शाळांच्या रस्त्यांच्या वाट्याला ती क्वचितच आली, हे मात्र खटकते. दुसरा आक्षेप वाहतूक मंदावण्याचा. शाळेपुढच्या तीनशे मीटरवर पन्नासऐवजी तीसने गेल्यास चौदा-पंधरा सेकंद जास्त लागतात. शहरातल्या एका लाल सिग्नलपुढे ते काहीच नाहीत. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : आपल्याकडे नियम पाळले जात नाहीत, म्हणून आखणी वाया जाते. गावोगावी टाकलेले बेमाप उंचीचे, रंग न दिलेले गतिरोधक दुचाकीस्वारांच्याच जिवावर उठतात, हे खरे आहे. त्यातून चांगली आखणी आणि देखभाल लागते, असे सिद्ध होते. आखणी नको, असे होत नाही. आणि नियम न पाळणाऱ्या समाजात रस्त्याच्या रचनेची गरज उलट जास्तच असते.

सायकलचा वेगळा प्रश्न

सायकलच्या बाबतीत दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देणे सुरू केले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेत मुलींचे वयानुरूप प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी मिटली. ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक लांब असलेल्या गावांतली होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवीपुढच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. देशपातळीवर सायकलने शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण २००७ मध्ये ६.६ टक्के होते, ते २०१७ मध्ये ११.२ टक्के झाले. ही वाढ जवळपास सगळी ग्रामीण भागातली आहे. शहरांत प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपासच अडकले. दहा-पंधरा मुलींचा घोळका सायकलींवरून एकत्र जातो तेव्हा छेडछाडीची भीतीही कमी होते, आणि सायकलींची संख्या वाढली की चालक जास्त सावध होतात असेही परदेशी अभ्यासांतून दिसते.

दुसरी गोष्ट अशी की सायकल देणाऱ्या खात्याचा आणि रस्ता बांधणाऱ्या खात्याचा एकमेकांशी संबंध नसतो. मुलगी सायकलवर निघते ती थेट राज्यमार्गाच्या कडेला, जिथे डांबर संपते आणि बाजूपट्टी चार बोटे खाली असते. मागून उसाची ट्रॉली आली की तिला खाली उतरावे लागते आणि पुन्हा वर चढताना चाक घसरते. बाजूपट्टी भरून सपाट केली तर हा धोका बराच कमी होईल, आणि त्याला फार पैसा लागत नाही. शहरांपैकी, कधी काळी सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण मार्ग सलग नसेल, चौकाशी येऊन संपत असेल, तर तो मुलाच्या उपयोगाचा नाही. कारण धोका चौकातच असतो.

अंतर वाढले तर?

वरच्या बऱ्याचशा चर्चेत शाळा जवळ आहे असे धरले आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा विचार पुढे आणला, तेव्हा अशा १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले असल्याचे सांगितले गेले. समर्थक म्हणतात, दोन शिक्षकांच्या शाळेपेक्षा मोठ्या शाळेत मुलांना जास्त मिळेल आणि वाहतूक शासन पुरवील. विरोधकांना भीती वाटते की वाहतूक वर्षभरात बंद पडेल आणि सगळ्यांत आधी मुली घरी बसतील. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या खिरखिंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवून आणि पुढे जंगलातून चालत शाळेत जात होत्या, याची दखल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. शाळा हलवण्याचा निर्णय शिक्षण खात्याचा असला, तरी तो वाटेचाही निर्णय असतो, एवढे तरी दोन्ही बाजूंनी मान्य करावे.

काय सुटलेले नाही

मूल एकटे कोणत्या वयात सोडावे, यावर एकमत नाही आणि बहुधा होणारही नाही. ते रस्त्यावर, मुलावर आणि सोबतीवर अवलंबून आहे. दंडाचा परिणाम किती, हेही स्पष्ट नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, आणि सदोष रस्ता बांधणाऱ्यांनाही दंड ठेवला; पण यातले दुसरे कलम वापरात आल्याचे फारसे ऐकू येत नाही. सगळ्यांत मोठा न सुटलेला प्रश्न जबाबदारीचा आहे. एकाच मुलाच्या एका किलोमीटरच्या वाटेत गावरस्ता जिल्हा परिषदेचा, पुढचा राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, महामार्ग केंद्राचा, खांब महावितरणचा, वाहतूक पोलिसांची आणि फाटकाच्या आत शिक्षण खाते. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता बरोबर असतो.

कायद्याची दिशा हळूहळू बदलते आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) खाली पादचारी आणि बिगरमोटार वाहनांविषयी सहा महिन्यांत नियम करायला सांगितले. या नियमांत शाळेच्या वाटेला स्वतंत्र जागा मिळावी, तिची वर्षातून एकदा पाहणी व्हावी आणि ती कोणी करायची त्या अधिकाऱ्याचे पदनाम लिहिलेले असावे. तोवर थांबण्याचे मात्र कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत शाळेभोवतीच्या एक किलोमीटरचा नकाशा भिंतीला लावावा, मुलांकडूनच त्यावर भीती वाटणाऱ्या जागांवर खुणा करून घ्याव्यात आणि तो कागद ठरावासह ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला व जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवून त्याची पोच घ्यावी.